शत्रू हुशार आहे, पण ते खेळणाऱ्याला दिसतं का?

प्रश्न थोडक्यात असा: तीन मित्र मिळून तलवारबाजीचा एक ॲक्शन गेम करताहेत, फोनवर आणि पीसीवर चालेल असा. शत्रू तीन प्रकारचे, आणि त्यांना वाट शोधणं, मागून वळसा घालणं, अचूक नेम, सगळं दिलंय. तरी खेळून बघणारे म्हणतात, "शत्रू चीटिंग करतात," नाहीतर "थोड्या वेळानं बोअर होतं." हार्ड मोडमध्ये शत्रूंची हेल्थ दुप्पट केली, तर लोक दहा मिनिटांत बंद करतात. आता सर्व्हायव्हल मोड, म्हणजे शत्रूंच्या लाटा येत राहतील आणि जमेल तितकं टिकायचं असा खेळ, घालायचा विचार आहे. तर आधी एआय, म्हणजे शत्रूंना चालवणारा प्रोग्राम, सुधारावा की मोड?

मी पंधरा वर्षं मारामारीचं डिझाइन करतोय. माझं उत्तर असं की ही दोन कामं वेगळी काढूच नका. ॲक्शन गेममधला प्रत्येक शत्रू खेळणाऱ्याला एक प्रश्न घालत असतो: हटतोस, अडवतोस, की माझ्या आधी मारतोस? त्या प्रश्नाला वेळ किती द्यायचा आणि उत्तर चुकलं तर भुर्दंड किती, हे मोड ठरवतो. तुमच्याकडे शत्रू भरपूर विचार करतात, पण खेळणाऱ्याला त्यांचा प्रश्न ऐकूच येत नाही. आणि हार्ड मोडमध्ये तोच न ऐकू आलेला प्रश्न दुप्पट वेळ चालतो.

हे नीट समजायला सगळ्यात जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात स्वच्छ उदाहरण पॅक-मॅनचं आहे. १९८० साली नाम्को कंपनीत तोरू इवातानी यांनी हा गेम केला. आपण लहानपणी खेळलो तेव्हा चारही भुतं सारखीच वाटायची, फक्त रंग वेगळे. प्रत्यक्षात चौघांचे नियम वेगळे आहेत. लाल भूत तुम्ही आत्ता जिथे आहात त्याच चौकोनाकडे येतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोरच्या चौथ्या चौकोनाकडे निघतं, म्हणजे तुम्ही पळाल तिथे ते आधीच पोचू बघतं. निळसर भूत तुमच्यापुढचे दोन चौकोन आणि लाल भुताची जागा, दोन्ही जुळवून आपलं लक्ष्य ठरवतं, त्यामुळे लाल जवळ आलं की निळ्याचाही धोका वाढतो. केशरी भूत आठ चौकोनांहून लांब असलं तर पाठलाग करतं, आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. चारही नियम एकेका ओळीचे. पण एकत्र आले की वाटतं, एक हाकारतोय, दुसरा वाट अडवतोय, तिसऱ्याचा भरवसा नाही आणि चौथा उगाच भटकतोय. चार स्वभाव दिसतात.

आता यातला मोडचा भाग बघा. भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलमध्ये ती आधी ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यात पांगतात, मग २० सेकंद पाठलाग, पुन्हा ७ सेकंद पांगणं, पुन्हा २०, मग ५ सेकंदांची उसंत, असं चालतं, आणि शेवटी कायमचा पाठलाग. माणसाच्या मागे सतत कोणी लागलं तर त्याचा जीव मेटाकुटीला येतो, म्हणून हल्ला लाटांसारखा यावा, हा इवातानींचा विचार होता. आणि मोड बदलतो त्या क्षणी चारही भुतं एकदम उलटी फिरतात. पडद्यावर एक अक्षर येत नाही, घंटा वाजत नाही. तरी लक्ष देऊन खेळणाऱ्याला कळतं की आता वारं फिरलं. शत्रूचं वागणं आणि मोड एकमेकांत कसे विणायचे, हे शिकायला मला याहून चांगला गेम सापडलेला नाही. तुमच्या टीममधल्या तिघांनी एक संध्याकाळ तो खेळावा, आणि प्रत्येकानं फक्त एका भुतावर नजर ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

"शत्रू चीटिंग करतात" ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकलीय, आणि बहुतेक वेळा तिचं मूळ एआयमध्ये नसून ॲनिमेशनमध्ये सापडतं.

एका मोबाइल गेमसाठी आम्ही भालाधारी शिपाई केला होता. खेळणारा कुठे पळेल याचा अंदाज बांधून तो भाला खुपसायचा. गणित छान जमलं होतं आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. प्लेटेस्टला, म्हणजे गेम खेळून बघायला, दहावीतला एक मुलगा आला. त्या शिपायाकडून तो चार वेळा मेला. चौथ्यांदा मेल्यावर त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "हा कधी मारतो तेच कळत नाही." रागही नव्हता त्याच्या आवाजात, फक्त उत्साह संपला होता. संध्याकाळी आम्ही रेकॉर्डिंग एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत पाहिलं. भाला मागे खेचण्यापासून तो अंगात घुसेपर्यंत १२ फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर हे झाले ०.२ सेकंद. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि फोनवर टचचा उशीर वेगळाच. म्हणजे आम्ही पेपर वाटायचो आणि त्यानं पेन उघडायच्या आत काढून घ्यायचो.

आम्ही १२ च्या २६ फ्रेम केल्या. आधी खांदा मागे जातो, मग पुढचा पाय जमिनीत रोवला जातो आणि थोडी धूळ उडते, मग भाल्याच्या टोकावर एक चमक. शेवटच्या आठ फ्रेममध्ये शिपायाचं वळणं बंद केलं. आधी तो भाला खुपसतानाही खेळणाऱ्याकडे वळत राहायचा, त्यामुळे वेळेवर बाजूला उडी मारली तरी भाला लागायचा. आणि वार हुकला तर भाला सावरायला त्याला अर्धा सेकंद दिला, म्हणजे ज्यानं बरोबर उत्तर दिलं त्याला एक वार फुकट. अंदाज बांधण्याच्या कोडला हातही लावला नाही. पुढच्या आठवड्यात दुसरी मुलं आली. त्यांतली एक मुलगी शेजारच्याला म्हणाली, "हा भालेवाला डोक्यानं खेळतो, त्याला फसवावं लागतं." शत्रू तोच, डोकंही तेच, फरक इतकाच की आता ते तिला दिसत होतं.

म्हणून तुमच्या प्रत्येक शत्रूसाठी तीन आकडे कागदावर लिहा: वाराआधीची तयारी किती फ्रेमची, कोणत्या फ्रेमपासून तो वळायचा थांबतो, आणि हुकल्यावर सावरायला किती वेळ घेतो. माझा अंदाज आहे की दुसरा आकडा तुम्ही ठरवलेलाच नसेल. नवीन टीमकडून तोच राहतो. आणि एक गोष्ट फोनसाठी खास: इशारा फक्त आवाजातून देऊ नका. आपल्याकडे लोक लोकलमध्ये, बसमध्ये आवाज बंद करून खेळतात. आवाजाची जोड जरूर द्या, पण भार चित्रावर असू द्या.

हुशारी दिसण्याबद्दल दोन गोष्टी या धंद्यात पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. पहिली हेलोची. बंजीचा हा गेम २००१ साली आला. त्याच्या डिझाइनरांनी पुढे सांगितलं की एकच एआय त्यांनी दोन गटांना खेळायला दिला. एका गटासाठी शत्रू लवकर मरणारे, दुसऱ्यासाठी चिवट आणि जास्त मारणारे. चिवट शत्रूंशी लढलेल्यांना ते कितीतरी हुशार वाटले. कारण सरळ आहे. शत्रू दोन सेकंदांत मेला तर त्यानं आडोसा घेतला असता, साथीदाराला हाक मारली असती, हे सगळं त्याच्याबरोबरच गेलं. त्याच हेलोमध्ये बुटके ग्रंट आपला म्होरक्या मेला की हात वर करून पळत सुटतात. लांबूनही दिसेल अशी ती पळापळ आहे, आणि खेळणारा त्यातून स्वतःच धडा घेतो की आधी म्होरक्या पाडायचा. कोणी शिकवायला येत नाही.

पण यावरून तुम्ही हार्ड मोडची दुप्पट हेल्थ बरोबर ठरवू नका. शत्रूनं आपलं वागणं एकदा-दोनदा दाखवावं इतकं त्यानं जगायला हवं. त्यापुढे त्याच्याकडे नवीन काही उरत नाही. तेव्हा वाढवलेली हेल्थ म्हणजे तेच गणित पंधरा वेळा सोडवायला लावणं. कंटाळा तिथून येतो.

दुसरी गोष्ट मोनोलिथच्या फिअर या २००५ च्या गेमची. त्यातले सैनिक आजही हुशार शत्रूंचा मापदंड मानले जातात. त्यांचा एआय करणारे जेफ ऑर्किन यांनी २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो उलगडून सांगितला. प्रत्येक सैनिक आपलं उद्दिष्ट बघून कृतींची छोटी योजना जुळवतो, हा तांत्रिक भाग झालाच. मला जास्त मोलाचा वाटतो तो सैनिकांच्या बोलण्याचा भाग. सैनिक जे करताहेत ते मोठ्यानं बोलतात. तुकडीतला एकच उरला की तो ओरडून कुमक मागतो. गेममध्ये कुमक येण्याची कसलीही व्यवस्था नव्हती. पण खेळणारा पुढे गेला की पुढचे शत्रू भेटणारच, आणि त्याला वाटतं, ही मघाशी बोलावलेली कुमक! मागून वळसा घालण्याची मोठी योजनाही कोणी लिहिलेली नव्हती. एकेकट्या सैनिकाचं आडोसा शोधत सरकणं खेळणाऱ्याला तसं दिसायचं. तुमच्या शत्रूंनी वळसा घातला तर तो घालण्याआधी एकानं दुसऱ्याला "मागून जा रे!" म्हणू द्या. मागून अचानक आलेला वार खेळणाऱ्याला अन्याय वाटतो. आधी ऐकू आलेली हाक आणि मग मागून आलेला वार, यात त्याला डाव दिसतो.

आता गर्दी. ज्यांनी नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी घातली, त्यांना 'मुस्तफा' आठवत असेल. कॅपकॉमच्या १९९३ च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला आपल्याकडे त्या नावानं कोणी ओळखलंच नाही, त्यातल्या एका पात्राच्या नावानं सगळा गेम ओळखला गेला. त्यात गुंडांचं टोळकं यायचं, दोन्ही बाजूंनी घेरायचं, पण सगळे एकदम तुटून पडायचे नाहीत. एक-दोघं पुढे यायचे, बाकीचे आजूबाजूला घुटमळायचे. त्या घुटमळण्यातच गंमत होती. आपण वळून कोणाला आधी धरायचं ते ठरवायचो, शेजारचा मित्र ओरडायचा, "मागचा बघ, मागचा!" सगळे एकदम तुटून पडले असते तर नाणं तीस सेकंदांत संपलं असतं आणि पुन्हा कोणी मशीनपाशी उभं राहिलं नसतं.

ही शिस्त आजही तशीच चालते, फक्त नाव मिळालंय. वार करण्याची परवानगी टोकनसारखी वाटली जाते. ज्याच्याकडे टोकन तोच मारणार, बाकीचे जागा बदलणार, ओरडणार, धमकावणार. व्हॉल्व्हच्या १९९८ च्या हाफ-लाइफमधल्या सैनिकांच्या कोडमध्ये तुकडीला गोळीबाराच्या दोनच जागा आहेत. दोघं गोळ्या झाडतात तेव्हा इतर हलतात, आणि आपल्याला वाटतं की ते एकमेकांना संरक्षण देत पुढे सरकताहेत. २०१६ च्या डूममध्येही टोकन आहेत, पण तिथे मला आवडते ती दुसरी गोष्ट. जखमी राक्षसाला जवळ जाऊन संपवलं की हेल्थ मिळते. त्यामुळे जीव कमी उरला की इतर गेममध्ये खेळणारा मागे लपतो, इथे तो पुढे झेपावतो. शत्रूच्या वागण्याइतकंच शत्रूच्या मरण्याचं डिझाइन खेळाची लय ठरवतं.

तलवारीच्या गेममध्ये दोनच टोकन ठेवा. जो शत्रू कॅमेऱ्याबाहेर आहे त्याला टोकन देऊच नका, निदान नॉर्मल मोडमध्ये. आणि जागेचाही विचार करा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली आणलेल्या 'राजी'मध्ये नायिका भिंतीवर धावून उसळते, खांबाभोवती झोका घेऊन वार करते. तिथे खांब ही शोभेची वस्तू राहत नाही, शत्रूनं घेरल्यावर सुटायची वाट होते. मोकळ्या चौकोनी मैदानात तेच शत्रू अर्धेच मजेदार वाटले असते.

आता मोडकडे येतो, आणि आधी तुमचा हार्ड मोड, कारण तो लगेच दुरुस्त होण्यासारखा आहे.

१९९३ चा मूळ डूम बघा. अवघड पातळीवर त्यातल्या राक्षसांची हेल्थ वाढत नाही. बदलतं ते त्यांचं संख्याबळ आणि कुठल्या वळणावर कोण उभा आहे ते. सोप्या पातळीवर जिथे एक साधा शिपाई भेटतो, तिथे अवघड पातळीवर लांबून आगीचे गोळे फेकणारा आणि जवळ येऊन चावणारा असे दोघं एकदम भेटले, की खोली तीच राहून प्रश्न नवा होतो. नंतर त्यात नाइटमेअर पातळी आली. तिथे राक्षस वेगानं हल्ले करतात आणि मेलेले पुन्हा उठतात. मग सगळ्यांना मारून खोली मोकळी करायची ही सवयच निकामी ठरते, पळत राहावं लागतं. हार्ड मोडनं खेळणाऱ्याची सवय मोडावी, ही माझी त्याच्याकडून अपेक्षा असते.

तुमच्या गेममध्ये हे असं करता येईल: हार्डमध्ये हेल्थ तीच ठेवा. टोकन दोनाचे तीन करा. आमच्यासारखा भालेवाला तुमच्याकडे असेल तर त्याच्यासोबत ढालवाला उभा करा, म्हणजे भालेवाल्याचा वार चुकवून मिळणारा फुकटचा वार ढालीवर आपटेल आणि आधी ढालवाल्याची जागा बदलायला लावावी लागेल. एका शत्रूला नवीन चाल द्या, उदाहरणार्थ वाराची तयारी करून मध्येच थांबणं. तयारीचा काळ मात्र कमी करू नका, निदान २० फ्रेमच्या खाली जाऊ नका. अवघड असावं, पण दिसू नये असं काही असू नये.

सोप्या मोडबद्दल मी थोडा आग्रही आहे. आपल्याकडे "इझीवर खेळतो" हे अजूनही हिणवल्यासारखं म्हटलं जातं, आणि डिझाइनरही तो मोड शेवटच्या दिवशी डॅमेज निम्मा करून उरकतात. सुपरजायंटच्या २०२० च्या हेडीजमध्ये गॉड मोड आहे. तो चालू केला की अंगावरचा मार २० टक्के कमी होतो, आणि प्रत्येक वेळी मेल्यावर आणखी २ टक्के, असं ८० टक्क्यांपर्यंत. यात शत्रूंचं वागणं जराही बदलत नाही. खेळणारा खऱ्याच शत्रूंशी लढतो, त्यांच्या चाली शिकतो, फक्त शिकायला त्याला जास्त वेळ मिळतो. शत्रूला मठ्ठ करून सोपा केलेला गेम मला पटत नाही. मठ्ठ शत्रूकडून शिकायला काहीच नसतं, मग तो खेळणारा नॉर्मलवर कधी येणारच नाही.

कॅपकॉमच्या २००५ च्या रेझिडेंट इव्हिल ४ मध्ये हा बदल लपून होतो. तुम्ही नीट खेळलात तर गेम हळूहळू कडक होतो, वारंवार मेलात तर सैल. अनेकांना वर्षानुवर्षं कळलं नाही, आणि न कळणं हाच त्याचा गुण. पण तीन जणांच्या टीमला मी हा रस्ता सुचवणार नाही. तपासायला फार वेळ जातो, आणि तक्रार आली की ती कोणत्या पातळीवर आली हेच सापडत नाही.

आता सर्व्हायव्हल. इथे लेफ्ट फोर डेड डोळ्यांपुढे ठेवा, कारण तेच झोंबी वेगवेगळ्या मोडमध्ये किती वेगळे वाटतात हे त्यात स्वच्छ दिसतं. २००८ चा हा गेम. चौघांनी सुरक्षित खोलीपासून सुरक्षित खोलीपर्यंत जायचं, ही त्याची मुख्य मोहीम. झोंबींची लाट कधी सोडायची हे त्यातला डायरेक्टर नावाचा भाग ठरवतो. प्रत्येक खेळणाऱ्यावर किती ताण आला असेल याचा तो अंदाज ठेवतो. मार बसला की आकडा चढतो, शांततेत उतरतो. ताण शिगेला पोचला की हल्ला तीन ते पाच सेकंद टिकवतो, मग ओसरू देतो, आणि मग ३० ते ४५ सेकंद जवळजवळ शांतता. पॅक-मॅनच्या भुतांचं कोपऱ्यात पांगणं आठवा. अठ्ठावीस वर्षांनी तीच कल्पना, फक्त घड्याळाऐवजी माणसाकडे बघून चालणारी.

पुढच्या वर्षी त्यात सर्व्हायव्हल मोड आला. ४ मिनिटं टिकलात तर कांस्य, ७ ला रौप्य, १० ला सुवर्ण. झोंबी तेच, बंदुका त्याच. पण मोहिमेत टँक नावाचा अवाढव्य झोंबी आला की "पळू की मारू?" हा प्रश्न असतो. सर्व्हायव्हलमध्ये पळायला जागाच नाही, त्यामुळे "कोणत्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि पेट्रोलचा कॅन आत्ता पेटवायचा की राखून ठेवायचा?" हा प्रश्न होतो. आणि शत्रूंची रचना दोन्ही प्रश्नांना पुरून उरते, कारण त्यातल्या खास झोंबींचं काम एकच आहे, चौघांना फोडणं. स्मोकर लांब जिभेनं एकाला खेचून नेतो, हंटर झडप घालून एकाला खाली दाबतो आणि दुसऱ्यानं सोडवल्याशिवाय सुटका नसते. एकत्र राहिलात तर वाचाल, हे दोन्ही मोडमध्ये खरं आहे.

तुमच्या सर्व्हायव्हलला हीच कसोटी लावा. तुमचे तीन शत्रू दहा मिनिटं एकाच मैदानात आले तर दहाव्या मिनिटाला खेळणारा पहिल्यापेक्षा वेगळा काही विचार करत असेल का? करत नसेल, तर लाटांची संख्या वाढवून काही होणार नाही. तो मोड आत्ता करू नका.

मोड बदलला की शत्रूची किंमत कशी बदलते हे आपल्या मुलांना खरं तर पक्कं ठाऊक आहे, कारण बहुतेकांनी बीजीएमआय हा फोनवरचा बंदुकांचा गेम खेळलाय. त्याच्या क्लासिक मोडमध्ये एरांगेलचा नकाशा ८ किलोमीटर लांब, ८ रुंद, आणि शंभरजण, शेवटी उरेल तो जिंकला. पोचिंकी गावात उतरलात तर पहिल्या मिनिटात मारामारी, कडेला उतरलात तर पंधरा मिनिटं कोणी दिसणार नाही. पण त्या पंधरा मिनिटांत खिडकीतून दिसलेली एक हालचाल छाती धडधडवते, कारण मेलात तर सगळी लूट, सगळा वेळ गेला. त्याच बंदुकीनं वेअरहाउस नकाशावरच्या टीडीएममध्ये, म्हणजे दोन टीमच्या झटपट लढतीत, चार विरुद्ध चार, आधी ४० किल करणारा जिंकतो. मेलात की पुन्हा हजर. तिथे समोरच्या खेळाडूला कोणी घाबरत नाही, फक्त हात सुधारतो. माझा भाचा क्लासिकमध्ये रँक वाढवायला जायच्या आधी दोन टीडीएम खेळतो आणि त्याला "हात गरम करणं" म्हणतो. त्याला डिझाइनचा ड माहीत नाही, पण दोन मोडमधला फरक त्यानं अचूक ओळखलाय: एका मोडमध्ये चूक स्वस्त म्हणून शिकायला बरा, दुसऱ्यात चूक महाग म्हणून थरार.

आणि क्लासिकमध्ये झोन, म्हणजे आक्रसत जाणारा सुरक्षित भाग, हाच डायरेक्टर आहे. माणसं लपून बसली, कॅम्पिंग करू लागली, तर निळी भिंत त्यांना उठवते. सुरुवातीच्या रँकना लॉबीत बॉट, म्हणजे गेमनंच चालवलेले खोटे खेळाडू, असतात. ते सरळ उभे राहून गोळ्या खातात, आणि चार दिवस छान वाटतं. पण बॉट ओळखता यायला लागले की त्यांचे किल मोजावेसेही वाटत नाहीत. शत्रूनं उत्तर द्यायला हवं, ही भूक आठवीतल्या मुलालाही असते.

तर या महिन्यात काय करायचं? एआयचं नवीन कोड थांबवा. एक रिकामी खोली करा, त्यात एकच शत्रू, आणि तो गेम कधीही न पाहिलेल्या पाच जणांना दहा-दहा मिनिटं द्या. त्यांच्याशी बोलू नका, फक्त मागे उभे राहा. मेल्यावर प्रत्येकाला एकच विचारा: "कशानं मेलास?" "त्यानं ढाल फोडली," "मी लवकर उडी मारली" असं उत्तर आलं तर शत्रू वाचता येतोय. "कळलं नाही" आलं तर त्या शत्रूची तयारी, वळणं आणि सावरणं पुन्हा मोजा. तिन्ही शत्रू यातून पार झाले की दोघांना एकत्र आणा, टोकन लावा, पुन्हा तेच विचारा. हार्ड मोड त्यानंतर एका आठवड्याचं काम आहे. सर्व्हायव्हलसाठी चौथा शत्रू लागेल असं मला वाटतं, जो खेळणाऱ्याला एका जागी उभं राहू देणार नाही. आधीच्या तिघांकडे बघून तो कसा असावा हे तुम्हाला तोवर सुचलेलं असेल. नाही सुचलं तर तिघांचे फ्रेमचे आकडे आणि मैदानाचा नकाशा मला दाखवा, बसून बघू.